सीमाबंदी आणि शेतमालाचे बाजारभाव : डिंगोरे परिसर

देशाची, राज्याची किंवा जिल्ह्याची हद्द शेतमालाला बंद झाली की अलीकडे माल तुंबून भाव कोसळतात आणि पलीकडे टंचाई होऊन भाव चढतात. बंदी फाटक लावून होते, तशी कागदावरही होते. निर्यातबंदीची अधिसूचना, जबर निर्यातशुल्क, चढे किमान निर्यातमूल्य किंवा समोरच्या देशाने रोखलेले आयात परवाने, यांपैकी काहीही झाले तरी लिलावात बोली खालीच येते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा अनुभव मुख्यतः कांदा आणि टोमॅटो या दोन पिकांनी दिला आहे. कोणत्याही परदेशाची सीमा या भागाजवळ नाही. तरीही दोन हजार किलोमीटरवरचे एखादे फाटक बंद झाल्याची बातमी ओतूरच्या बाजारात दुसऱ्या दिवशीच्या लिलावाआधी पोचलेली असते.

डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातील गाव कल्याण–अहिल्यानगर राष्ट्रीय महामार्गावर (क्र. ६१) ओतूर आणि माळशेज घाट यांच्या दरम्यान आहे. कुकडी प्रकल्पातील पिंपळगाव जोगा धरण जवळच असल्याने परिसरात बागायत वाढली. कांदा, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर ही येथील नगदी पिके. कांद्याची विक्री ओतूर आणि आळेफाटा येथील उपबाजारांत होते, टोमॅटो नारायणगावला जातो, आंबेगावकडचा कांदा मंचरला येतो. मुंबईचा रस्ता माळशेजमधून उतरतो, त्यामुळे पावसाळ्यात घाटात दरड आली की पालेभाजीचा एक दिवस वाया जातो. व्यापारी वाटेशी या भागाचे नाते फार जुने आहे. सातवाहनकाळात कल्याण बंदराकडचा माल नाणेघाटातून जुन्नरला चढत असे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणूनच दाखवला जातो.

कांद्याला बंदीचा मार कसा बसतो हे समजण्यासाठी बराखी पाहिली पाहिजे. येथील मुख्य पीक गरव्या म्हणजे उन्हाळी कांद्याचे. हिवाळ्यात लागण होते, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. पातीखाली सुकवून, काटून, निवडून तो बराखीत भरतात. बाजूंनी हवा खेळती राहील अशी ही लांबट, अरुंद साठवण असते. चांगला वाळलेला कांदा तीत पाच-सहा महिने टिकतो, पण दर महिन्याला वजन घटते. पावसाळी हवेत काजळी धरते, काही कांदा सडतो, पुढे कोंब येऊ लागतात. शेतकरी अधूनमधून एक कड उघडून हात घालतो, वास घेतो आणि ठरवतो : आता विक्रीसाठी भरायचा की आणखी थांबायचे. थांबण्याची ही ताकद हेच त्याचे भांडवल. सीमा बंद झाली की ते निरुपयोगी होते, कारण कधी उघडेल हे कुणालाच माहीत नसते आणि बराखीतला कांदा रोज हलका होत जातो.

बाजारात माल पिशव्यांनी मोजतात आणि भाव दहा किलोला बोलतात. गोळा, मध्यम, गोल्टी, बदला अशी प्रतवारी होते. निर्यातीला मुख्यत्वे चांगला गोळा कांदा लागतो. त्यामुळे बंदीत पहिला फटका उत्तम मालाला बसतो, आणि गोळ्याचा भाव उतरला की त्याच्या खालच्या प्रतीही घसरतात. गोल्टी-बदल्याला तर अशा वेळी गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हिशेबपट्टीवर काय उरते ते शेतकऱ्याला घरी सांगवत नाही.

बांगलादेश हा भारतीय कांद्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. महाराष्ट्रातला कांदा ट्रकने पश्चिम बंगालमध्ये पोचतो आणि घोजाडांगा, पेट्रापोल, महदीपूर, हिली अशा नाक्यांवरून पलीकडे जातो. पलीकडची नावे भोमरा, बेनापोल, सोनामसजिद. ओतूर-आळेफाट्याच्या व्यापाऱ्यांना ही नावे आपल्या तालुक्यातील फाट्यांइतकी सवयीची झाली आहेत. नाक्यावर ट्रकची रांग वाढली की ते येथल्या खरेदीत हात आखडतात. म्हणजे भाव पडायला अधिसूचनाही लागत नाही, नुसती शंका पुरते.

गेल्या काही वर्षांतील बहुतेक मोठ्या बंद्या भारताच्या बाजूने झाल्या. १३ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याचे किमान निर्यातमूल्य टनाला ८५० डॉलर ठरले आणि २९ सप्टेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. ती १५ मार्च २०२० पासून खुली झाली. या काळात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला आणि नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाला विमानाने कांदा आणावा लागला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर भाषणात तक्रार केली ती पूर्वसूचना न मिळाल्याची. ती रास्त होती, आणि हाच मुद्दा जुन्नरच्या शेतकऱ्याचाही आहे. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा तडकाफडकी बंदी आली. भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले आणि उष्ण, दमट हवेत पिशव्यांतून पाणी सुटू लागले. ती बंदी १ जानेवारी २०२१ रोजी उठली.

२०२३ मध्ये सीमा टप्प्याटप्प्याने आवळली गेली. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागले. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, आणि केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन खरेदी जाहीर केली. ऑक्टोबरच्या अखेरीस किमान निर्यातमूल्य ८०० डॉलर झाले आणि ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी आली. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजाराचा सरासरी भाव थोड्याच दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आला. उलट ढाक्यात बंदीची बातमी येताच एका रात्रीत किरकोळ भाव दोनशे टाक्यांवर चढला. एकच कांदा, तेच दिवस, आणि भावात हे अंतर. मधला फरक शेतकऱ्याच्या हाती लागला नाही, ढाक्याच्या गिऱ्हाइकाच्याही नाही. ज्याच्याकडे त्या दिवसांत सीमेपलीकडे साठा होता त्याने तो घेतला.

जुन्नरला या बंदीची खरी झळ नंतर लागली. मूळ मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंतची होती आणि गरवा कांदा तेव्हाच निघतो. एप्रिलमध्ये निर्यात सुरू होईल या हिशेबाने खते, औषधे, मजुरी यांवर पैसा घातला गेला होता. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. काढणी ऐन भरात असताना भाव बसले. मधल्या काळात सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशाला ५० हजार आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायची मुभा मिळाली होती, पण एवढ्याने देशभरच्या काढणीचा भार हलका होणार नव्हता. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

या बंदीविरुद्धच्या आंदोलनात जुन्नर तालुका पुढे होता. शिरूर मतदारसंघाचे खासदार अमोल कोल्हे यांच्या पुढाकाराने २७ डिसेंबर २०२३ रोजी शिवनेरीच्या पायथ्यापासून निघालेला शेतकरी आक्रोश मोर्चा ३० डिसेंबरला पुण्यात पोचला. कांदा निर्यातबंदी उठवणे ही त्याची प्रमुख मागणी होती. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हे सरकारचे कारण खोटे नव्हते. गरीब घरात कांदा-भाकरीवर जेवण भागते. पण रातोरात बंदी घालून त्या स्वस्ताईचा सगळा खर्च ज्याने सहा महिने बराखी राखली त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. करार झालेला आणि वाटेवर असलेला माल वगळून, काही आठवड्यांची सूचना देऊन बंदी आली असती तर निदान तो माल तरी वाचला असता.

टोमॅटोची गोष्ट वेगळी, कारण तो थांबत नाही. दर दोन-तीन दिवसांनी तोडा करावाच लागतो, आणि भरलेला वीस किलोचा क्रेट लवकर विकला नाही तर त्याचा चिखल होतो. नारायणगावच्या बाजारात उन्हाळ्यापासून पुढे परराज्यांतले व्यापारी येऊन बसतात आणि माल उत्तरेकडे रवाना होतो. नाशिक भागातला टोमॅटो पूर्वी वाघा सीमेवरून पाकिस्तानातही जात असे. फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यानंतर व्यापार आटला, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने तो थांबवला आणि पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या बाजूची अटारीची चौकीही बंद झाली. सीमा मिटल्यावर पलीकडे काय होते ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. अफगाणिस्तानला लागून असलेल्या तोरखम आणि चमन या चौक्या बंद होताच पाकिस्तानात टोमॅटो सहाशे पाकिस्तानी रुपये किलोपर्यंत गेला.

सीमा उघडण्याचाही परिणाम तितकाच जोरदार असतो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला चांगल्या टोमॅटोचा क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेला. अनेक वर्षे तोटा सोसलेल्या कुटुंबांची कर्जे त्या हंगामात फिटली. केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत नारायणगाव, सातारा, नाशिककडचा माल घेऊन दिल्लीत सवलतीने विकला आणि ऑगस्टमध्ये नेपाळमधून आयात खुली केली. नवा मालही त्याच सुमारास बाजारात आला. सप्टेंबरमध्ये राज्यातल्या शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्याकडेला ओतण्याची पाळी आली. नेपाळचा माल देशाच्या गरजेपुढे किरकोळ होता. तरी आयातीच्या घोषणेने व्यापाऱ्याला सांगून टाकले की भाव आता वर जाणार नाही, आणि बाजार अशा इशाऱ्यावर हलतो.

जिल्ह्याची हद्दसुद्धा सीमा होऊ शकते हे २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत कळले. २३ मार्च रोजी राज्यातील सर्व जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. शेतमालाला सूट होती, पण चालक मिळेना, हमाल गावी गेले, ढाबे बंद, आठवडे बाजार बंद. डिंगोऱ्याहून माळशेजमार्गे ठाणे जिल्ह्यात उतरणाऱ्या गाडीला पास दाखवावा लागे. एप्रिलमध्ये पुण्याचे मार्केट यार्ड बंद झाले, ११ ते १७ मे या आठवड्यात वाशीचा बाजारही बंद राहिला. कोथिंबीर, मेथीसारखी एका दिवसात कोमेजणारी पिके शेतातच नांगरली गेली. त्याच वेळी मुंबई-पुण्यात भाजीसाठी रांगा लागत होत्या. गावच्या तरुणांनी शेतकरी गट करून सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजीच्या पिशव्या पोचवल्या. या काळातली ही एक चांगली आठवण, पण नेहमीच्या उलाढालीच्या मानाने ती विक्री थोडी होती. पेट्रापोलचा व्यापारही तेव्हा ठप्प होता. म्हणून मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातला कांदा रेल्वेने बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत नेण्यात आला.

बंदी उलट बाजूनेही येते आणि मग शेतकऱ्याचे घर ग्राहक म्हणून सापडते. इंडोनेशियाने २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात पामतेलाची निर्यात रोखली. युक्रेनमधल्या युद्धाने सूर्यफूल तेल आधीच महाग केले होते. गावच्या किराणा दुकानात तेलाच्या पुड्याचा भाव आठवड्यागणिक वाढला. कांदा विकून तेल विकत घेणाऱ्या घराला एका सीमेने मिळकतीत मारले आणि दुसरीने खर्चात. खाद्यतेल आयात करणारा देश म्हणून आपण तेव्हा इंडोनेशियाने बंदी उठवावी अशी वाट पाहत होतो. कांद्याच्या बाबतीत तीच वाट बांगलादेशाने पाहिली होती.

मात्र बांगलादेश आता केवळ वाट पाहत बसत नाही. मार्च २०२३ मध्ये स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी त्याने कांद्याचे आयात परवाने थांबवले आणि ते ५ जूनला पुन्हा सुरू केले. त्याच वसंतात महाराष्ट्रात भाव एवढे पडले होते की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान द्यावे लागले. पबना, फरीदपूर, राजबाडी या जिल्ह्यांत तिकडे कांद्याचे क्षेत्र वाढले आहे. भारताच्या वारंवार बंद्यांनी ही वाढ लवकर घडवली. २०२५ चे बरेच महिने परवाने रोखलेलेच होते. तिकडचे मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघते, म्हणजे डिंगोऱ्याचा गरवा कांदाही ज्या दिवसांत निघतो त्याच दिवसांत. म्हणून काढणीच्या हंगामात बांगलादेशाची मागणी गृहीत धरता येत नाही. तिकडचा साठा सरल्यावर, साधारण श्रावणापासून पुढे, तिची शक्यता वाढते. येथल्या शेतकऱ्याला बराखी तोपर्यंत राखावी लागते.