शेवटाची प्रतीक्षा आणि केडगावच्या विहिरी

गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या मराठी घरांना ‘छप्पनियो’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांवर आली. दुष्काळ, रोगराई आणि स्थलांतर यांनी दहा वर्षांत जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे नाहीशी केली. जगाचा अंत ही त्या पिढीच्या दृष्टीने केवळ पोथीतली गोष्ट उरली नव्हती.

याच दुष्काळात गुजरातेतील अनेक निराधार मुली पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात पोहोचल्या. पुढे पाच वर्षांनी तेथे जे घडले, त्याची नोंद जगाच्या ख्रिस्ती इतिहासात झाली आहे. त्या घटनेच्या मागे एक श्रद्धा उभी होती: प्रभूचे दुसरे आगमन जवळ आले आहे आणि त्याचे भक्त वर उचलले जाणार आहेत. ही श्रद्धा कोठून आली आणि आपल्या मुलखात तिने काय घडविले, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

अंताची कल्पना आपल्याला परकी नाही. कलियुगाचा शेवट आणि कल्की अवतार आपण कीर्तना-पुराणांतून ऐकत आलो. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञयाग झाले, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. पण आपल्याकडे युगे फिरून येतात. प्रलयानंतर पुन्हा सृष्टी आहे. ख्रिस्ती काळ मात्र सरळ रेषेत चालतो. त्याला एक आरंभ आहे, एक शेवट आहे, आणि त्या शेवटी न्यायनिवाडा आहे.

उचलले जाण्याच्या कल्पनेचा मुख्य आधार म्हणजे संत पौलाने इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पत्र. तेथील नवख्या भाविकांना एक दुःख छळीत होते. प्रभू येण्यापूर्वीच आपली जी माणसे वारली, त्यांचे काय? पौलाने त्यांचे सांत्वन केले, की आधी मृत उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत उचलले जातील आणि सर्वांची प्रभूशी भेट होईल. मुळात हे शोक करणाऱ्यांना दिलेले आश्वासन आहे. त्यात तारीख नाही. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन इत्यादी जुने पंथ पुनरागमनावर विश्वास ठेवतात, परंतु ‘उचलले जाणे’ ही त्याहून निराळी, आधी घडणारी घटना मानीत नाहीत.

ती निराळी मानण्याची शिकवण रूढ झाली एकोणिसाव्या शतकात. आयर्लंडमधील चर्च सोडून बाहेर पडलेले जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) यांनी १८३० नंतर ती मांडली. तिच्यानुसार पुनरागमन दोन टप्प्यांत होणार. आधी खरे भाविक अकस्मात वर घेतले जातील, नंतर पृथ्वीवर महासंकट कोसळेल, आणि शेवटी ख्रिस्त उघडपणे येऊन हजार वर्षांचे राज्य स्थापील. १९०९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या सटीप बायबलाने ही मांडणी घरोघर पोहोचविली. तारखा ठरविणाऱ्यांची परंपरा याहून वेगळी. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, तर हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखेच मावळले.

महाराष्ट्रात ख्रिस्ती विचाराचे दोन प्रवाह आले. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनचा भर शाळा, छापखाने आणि लोकशिक्षण यांवर होता. १८४२ मध्ये निघालेले ‘ज्ञानोदय’ हे त्याचेच फळ. देवाचे राज्य सुधारणेच्या वाटेने हळूहळू येईल, अशी त्या काळच्या अमेरिकन मिशनऱ्यांची सामान्यतः धारणा असे. दुसरा प्रवाह घाईचा होता. डार्बींचे आरंभीचे सहकारी अँथनी नॉरिस ग्रोव्हज् १८३३ मध्येच हिंदुस्थानात आले होते. शतकाच्या अखेरीस ए. बी. सिम्प्सन यांच्या ‘अलायन्स’ मिशनने वऱ्हाडात आणि गुजरातेत ठाणी उभारली. त्यांच्या शिकवणीच्या चार सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ‘येणारा राजा’ हे होते. सर्व राष्ट्रांत शुभवर्तमान पोहोचले, की राजा परत येईल. म्हणून विलंब नको, असा त्यांचा हिशेब होता.

पंडिता रमाबाईंचा संबंध या दुसऱ्या प्रवाहाशी हळूहळू वाढत गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकन पंथात. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १८९८ मध्ये इंग्लंडातील केसिक येथील मेळाव्यात त्या बोलल्या. पुनरागमनाची प्रतीक्षा त्या मंडळींत दृढ होती. त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स केडगावी येऊन राहिल्या. छप्पनियाच्या वर्षी तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली. ती वार्ता ऐकून जानेवारी १९०५ पासून केडगावी सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या; पुढे हा आकडा पाचशेच्या वर गेला. २९ जून १९०५ च्या पहाटेपासून मुलींच्या दालनात रडणे, पापांची कबुली आणि मोठ्याने प्रार्थना यांचा ओघ सुरू झाला. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये ‘पवित्र आत्म्याचा व अग्नीचा बाप्तिस्मा’ या अर्थाच्या शीर्षकाची इंग्रजी पुस्तिका काढली. त्या काळच्या अशा मंडळींत योएल संदेष्ट्याच्या पावसाचा दृष्टान्त फार चाले. प्रेषितांच्या काळी पहिला पाऊस पडला. आता पडतो आहे तो कापणीपूर्वीचा शेवटचा, आणि कापणी म्हणजे युगाचा अंत. ज्यांनी पावसाअभावी आईबाप गमावले होते, त्या मुलींच्या कानी ही उपमा कशी पडली असेल, याची कल्पना गुजरातेत राहणाऱ्याला सहज यावी. एब्रम्स यांची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात हूव्हर दांपत्याच्या हाती पोहोचली, आणि १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिची प्रेरणा मिळाली.

या इतिहासाची दुसरी बाजू टाळता येत नाही. ज्यांना अन्न आणि आसरा दुसरा नाही, अशा मुलींच्या धर्मांतराला खुशीचे म्हणावे काय? १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता आणि आजही तो पुसलेला नाही. अंत जवळ आला असे मानणाऱ्याला दुसऱ्याच्या मताची वाट पाहण्यास वेळ नसतो. या श्रद्धेतला धोका तो हाच. दुसऱ्या पारड्यात घालायचे ते इतकेच, की त्या वर्षी त्या मुलींसमोर दुसरे बहुतेक दरवाजे बंद होते, आणि हा एक उघडा होता.

आम्हांला विशेष विचार करण्याजोगे वाटते ते केडगावचे नित्याचे काम. राजा आज-उद्या येणार अशी प्रार्थना जेथे चाले, तेथेच विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, मुली विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. ते सुमारे अठरा वर्षे चालले. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तो ग्रंथ १९२४ मध्ये पुरा छापून निघाला.

काळ थोडा उरला आहे असे मानून काही जण कामधाम सोडून तारीख मोजीत बसतात. केडगावच्या बायकांनी त्याच समजुतीने टाइप जुळविले आणि पोरक्या मुलांना न्हाऊ-माखू घातले. डार्बींच्या मांडणीविषयी विद्वानांचे आणि पंथोपंथांचे मतभेद आहेत, ते राहोत. आपण मराठी माणसे या श्रद्धेचे मोल ठरवू, तेव्हा १८४४ आणि २०११ च्या फसलेल्या तारखांबरोबर या अठरा वर्षांचाही हिशेब मांडावा. त्यात आपल्या गुजरातच्या लेकींचाही वाटा आहे.