व्हायोलिनची मायभूमी कोणती?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी विषयाला हात घालतो. पेशाने मी इतिहासाचा शिक्षक. व्हायोलिन ही माझी हौस. या दोन्हींची गाठ माझ्या आयुष्यात एका छोट्या प्रसंगाने पडली. विद्यार्थिदशेत एका शालेय स्पर्धेत मी व्हायोलिनवर भूप वाजवला. परीक्षकांनी कौतुक केले, पण ‘वाद्य आपले नाही’ या कारणाने बक्षीस नाकारले. तो सल फार काळ टिकला नाही, प्रश्न मात्र टिकला. एखादे वाद्य ‘आपले’ केव्हा होते? आज शास्त्रीय व्हायोलिनचा जगभरच्या संगीताशी आणि यंत्रनिर्मित ध्वनींशी संयोग घडत असताना तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो.

या प्रश्नासाठी सामरवरणीहून योग्य स्थळ क्वचितच सापडेल. नगर हवेलीचा मुलूख मराठ्यांकडून १७८३ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १९५४ पर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिला. ज्या सत्तेने हा मुलूख बळकावून ठेवला, तिच्याच छायेत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू उपासनेचा होता. परिणाम मात्र फार दूरवर पोहोचला. गावोगावची मुले कागदावरचे स्वर वाचू लागली, आणि त्यांतील अनेक जण विसाव्या शतकात पोटापाण्यासाठी मुंबईस आले.

परंतु व्हायोलिनचे भारतीयीकरण त्याआधीच दक्षिणेत सुरू झाले होते. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे बंधू बाळुस्वामी दीक्षितार (१७८६–१८५८) यांनी मद्रास परिसरात एका युरोपीय वादकाकडून हे वाद्य शिकून कर्नाटक संगीतात आणले. पाश्चात्त्य वादक उभा राहून अथवा खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटीखाली धरून वाजवतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पावलावर टेकवतो. त्यामुळे डावा हात वाद्याचा भार पेलण्यातून मोकळा होतो आणि बोट तारेवरून विनासायास सरकू शकते. तारा षड्ज-पंचमाच्या जोडीने मिळवल्या जातात. बैठक बदलली म्हणून मींड आली, मींड आली म्हणून राग आला. लाकूड, तारा आणि गज यांत फारसा बदल झालाच नाही.

याच्या जोडीला हार्मोनियमची कहाणी ठेवून पाहावी. तीही युरोपातून आलेली, आणि महाराष्ट्रात तर नाटक-कीर्तनापर्यंत पोहोचलेली. तरीही आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये उठली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींना ती न्याय देत नाही, हा मुख्य आक्षेप होता. त्याच काळात व्हायोलिन मात्र आकाशवाणीवर सन्मानाने वाजत होते. दोन्ही वाद्ये परदेशी असताना एकाचा स्वीकार झाला आणि दुसऱ्यास तीस वर्षे दाराबाहेर राहावे लागले. अर्थात जन्मस्थान ही कसोटी नव्हतीच. आपल्या गळ्याला ते वाद्य साथ देते का, हे पाहिले गेले. माझ्या परीक्षकांना हे सांगायला हवे होते; पण तेव्हा ते मलाच ठाऊक नव्हते.

उत्तर हिंदुस्थानी संगीतात हे कार्य गजाननराव जोशी (१९११–१९८७), मूळचे गोमंतकीय श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग (१९२२–२००४), डी. के. दातार (१९३२–२०१८) आणि विदुषी एन. राजम् यांनी केले. गजाननराव स्वतः गायक होते. दातारांवर द. वि. पलुसकरांच्या गायकीचा संस्कार होता. यांतील अनेकांनी गाणेच तारेवर उतरवले, हे ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा या भूमीकडे वळू. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सेलवास. या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरलेल्यांत एक संगीतकार होते, सुधीर फडके. या लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गायन केले होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांच्या ५६ गीतांना फडक्यांनी स्वर दिले आणि त्यांच्या साथीला व्हायोलिन घेऊन होते प्रभाकर जोग (१९३२–२०२१), ज्यांना मराठी रसिकांनी पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणून ओळखले. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध येथे लढलेल्या या माणसाला रामकथेच्या साथीस युरोपात घडलेले वाद्य घेताना किंचितही संकोच वाटला नाही. सत्ता नाकारणे आणि स्वर स्वीकारणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा धडा फार मोलाचा वाटतो.

मिश्रणाचा दुसरा प्रवाह मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षांत वाहत होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागांचा ध्यास लागला. रागाची चाल न मोडता तिला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा विस्तार कसा द्यावा, या विचारातून त्यांनी १९५८ साली ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात झालेल्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले, आणि परतल्यावर गावी शांतपणे राहिले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्याने त्यांचे नाव घरोघर पोहोचले, पण त्या नावामागे खरा माणूस आहे हे गाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्या पिढीतील शेकडो वादकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आलीच नाहीत. पुढे विद्युत-कळफलकावर व्हायोलिनचा आवाज निघू लागला आणि जेथे वादकांच्या रांगा बसत तेथे एक माणूस पुरू लागला. नवे ध्वनी येताना कोणाचे हात रिकामे होतात, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

जागतिक मंचावर यहुदी मेन्युहिन १९५२ साली भारतात आले आणि १९६७ मध्ये त्यांचे व पंडित रविशंकर यांचे एकत्र ध्वनिमुद्रण निघाले. १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या वृंदात एल. शंकर यांचे व्हायोलिन जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारशी आणि झाकीर हुसेन यांच्या तबल्याशी बोलू लागले. हे प्रयोग टिकले, कारण प्रत्येक जण आपापल्या घरात पक्का होता.

शेवटी माझ्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी दमणगंगेच्या काठी एका वारली तारपावादकासोबत वाजवण्याचा मी घाट घातला. मी एक धून योजून नेली होती आणि त्याने तिच्यामागे यावे अशी माझी अपेक्षा होती. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून घडलेल्या तारप्याचे स्वर मोजके, पण वादकाचा श्वास तुटत नाही, आणि नाचणारे त्याच्या मागे फेर धरतात. थोड्या वेळाने त्याने तारपा खाली ठेवला आणि म्हणाला, “तुम्ही थांबतच नाही.” मग मी माझ्या तारा त्याच्या स्वरापर्यंत उतरवल्या आणि बराच वेळ केवळ एक षड्ज धरून बसलो. त्यानंतर जे वाजले, ते दोघांचेही होते.

माझ्या परीक्षकाने व्हायोलिनला जसे परके ठरवले, तसेच मी तारप्याला दुय्यम ठरवले होते. या शाळेत वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुले मराठी-गुजराती घरांतील मुलांशेजारी बसतात. संगीताच्या तासाला व्हायोलिन अवश्य आणा, यंत्रेही आणा. पण तारपावादकालाही गुरू म्हणून सन्मानाने बोलवा आणि आधी त्याचा स्वर ऐका. गुरुजींच्या स्मृतीला ती योग्य आदरांजली ठरेल, असे मला वाटते.