रुमालाची गाठ

आमच्या नागोठण्याला आंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो १५८० च्या सुमारास बांधला, हे मला गावात कोणी सांगितले नाही. १८८३ साली सरकारने छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरामुळे ते कळले. आमच्या पुलाची हकिगत सरकार खुशाल छापून देत होते, आणि त्याच काळात पुण्यात पेशव्यांचे दफ्तर मात्र कुलपात होते. एकाच सरकारने एक कागद चव्हाट्यावर मांडावा आणि दुसऱ्यावर पहारा बसवावा, हे कसे?

याचा उलगडा मला आमच्याच माळ्यावरून झाला. तिथे मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. लहानपणी त्याला हात लावू गेलो की आजी ओरडे, "ठेव तो खाली! कागद दाखवला की जमीन गेली."

म्हातारीचे हे भय अगदीच पोकळ नव्हते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. कोणाला काय इनाम दिले, याच्या नोंदी त्यातच. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आले. घाटावरच्या इनामदारांनी आपल्या सनदा पुढे करायच्या, सरकारने त्यांचा ताळा आपल्या कपाटातल्या दफ्तराशी पाहायचा आणि निवाडाही सरकारी अंमलदारानेच द्यायचा! अनेकांची इनामे अशी खालसा झाली. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर कलेक्टरच्या दाखल्यावाचून अशा दाव्यांना दिवाणी कोर्टाचे दारही बंद केले.

आता दफ्तर का कुलपात, ते ध्यानात येईल. पेशवाई बुडून दोन पिढ्या लोटल्यावर त्या कागदांतून कोणत्या शत्रूला लढाईचे बेत कळणार होते? भीती होती ती निराळीच. त्याच कागदांच्या आधारे उद्या कोणी सरकारवर दावा लावील, ही. राज्याचे गुपित म्हणून जे जपले जात होते, त्यात देण्याघेण्याचा हिशेब बराच होता.

रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांना रोजनिशांतले उतारे करू दिले गेले. परंतु संशोधकांना दफ्तर मोकळे नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे दारोदार हिंडून घरोघरचे कागद जमवीत राहिले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला; १९२६ साली ते वारले. अखेर १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग छापले गेले. सरकार काही त्यामुळे कोसळले नाही.

इंग्रज गेले, पण कुलूप राहिले. परमगुप्त, गुप्त, गोपनीय, मर्यादित असे शिक्के आजही कागदांवर बसतात. राज्यकारभाराचा अप्रकाशित कागद खातेप्रमुखाच्या परवानगीवाचून पुराव्यात येऊ नये, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २०२४ साली अमलात आलेल्या नव्या कायद्यातही उतरले आहे. खरा वाद एवढाच, की गुपित खरे की सोयीचे, हे ठरवायचे कोणी? राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या निवडणुकीविरुद्ध लढविलेल्या खटल्यात पंतप्रधानांच्या प्रवासातील संरक्षणाच्या नियमांचे पुस्तक मागितले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रसंगी न्यायालय तो कागद स्वतः पाहून निर्णय करील. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने पुढे, काही महत्त्वाचे अपवाद ठेवून, वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मागण्याची वाट मोकळी केली.

सरकारला नावे ठेवताना मला आमचा रुमाल आठवतो. आजी गेली. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर माळा झाडताना वडिलांनी त्याची गाठ सोडली, तर आत वाळवीची माती! इनाम होते की नव्हते, हेही आता कळायचे नाही. पुण्याच्या कुलपाने निदान कागद तरी राखले होते. आम्ही दाखवलेही नाहीत आणि राखलेही नाहीत.

यंदा माळा झाडताना असा एखादा रुमाल तुमच्या हाती लागला, तर तो मोडी जाणणाऱ्याला आधी दाखवा. भीतीचे कारण केव्हाच संपलेले असते. गाठ सोडायची तेवढी राहून जाते.