आधी गाळाचा थर बघा, मग मेंब्रेन

मेंब्रेन फाउलिंगवर पीएचडी करायची म्हटलं की बहुतेक जण थेट गेल्या पाच वर्षांचे पेपर काढतात. तुम्ही आधी अकलूजला या. इथल्या शंकरनगरात साखर कारखाना आहे, आणि आपल्या विषयाचा एक जुना धागा उसाच्या रसात सापडतो.

साखर कारखान्यात चुना घालून तापवलेला रस क्लॅरिफायरमध्ये निवळतो, गाळ तळाशी बसतो. हा चिकट गाळ नुसताच व्हॅक्यूम फिल्टरवर ओढला तर जाळी बुजते. म्हणून त्यात बगॅसचा बारीक चुरा, म्हणजे बगॅसिलो, मिसळतात. थर सच्छिद्र होतो, रस निघून जातो आणि प्रेसमड खरवडून काढता येतो. म्हणजे इलाज जाळीवर नाही, थरावर.

आता गंमत बघा. डॉर क्लॅरिफायर आणि ऑलिव्हर फिल्टर ही साखर उद्योगातली जुनी नावं. त्याच डॉर-ऑलिव्हर कंपनीने 1960च्या दशकात सांडपाण्याच्या सक्रिय गाळाला मेंब्रेन जोडलं. पण ते टाकीबाहेर होतं. बुजू नये म्हणून गाळ पंपाने जोरात फिरवावा लागे, त्यात वीज फार जाई. 1989मध्ये जपानच्या काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंचं मेंब्रेन थेट हवा सोडलेल्या टाकीत बुडवलं आणि कमी दाबाने, थांबून थांबून पाणी ओढलं. 1995मध्ये रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी ‘क्रिटिकल फ्लक्स’ची कल्पना मांडली: एका मर्यादेखालच्या वेगाने पाणी ओढलं तर फाउलिंग जवळपास सुरूच होत नाही.

मग प्रश्न सुटला का? गाळ दाट करताना तरी नाही. 1 टक्का घनपदार्थ असलेला 100 घनमीटर गाळ 4 टक्क्यांवर नेला तर साधारण 25 घनमीटर उरतो, म्हणून खटाटोप. पण गाळ दाटला की हवेचे बुडबुडे मेंब्रेन घासायला कमी पडतात, आणि जीवाणूंचा बुळबुळीत स्राव छिद्रांत बसतो.

इथे बगॅसिलो टाकून चालणार नाही, तो तंतूंत अडकून गुंता करेल. मात्र थर मोकळा ठेवायचं तेच काम पॉलिमर किंवा सक्रिय कोळशाची पूड करू शकते. पॉलिमरची मात्रा चुकली तर तेच मेंब्रेनला चिकटतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘नवं मेंब्रेन कोणतं?’ याआधी ‘माझ्या गाळाचा थर कसा आहे?’ हे विचारा. नाहीतर पीएचडीची वर्षं जाळ्या बदलण्यातच जातील.