आधी एकक की आधी दशक?

जून २०१९मध्ये वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात मी पॅकिंगचा वजनकाटा संगणकाला जोडत होतो. रिकाम्या पारड्यावर शून्य नीट उमटे. २५ ग्रॅम ठेवले की पडद्यावर ६४००. काट्यावर बसणाऱ्या मावशींनीच काहीतरी दाबलं असणार, असं म्हणून मालक त्यांना सर्वांसमोर बोलला. मी गप्प राहिलो. संध्याकाळी मावशींनी काट्याचा आकडा दाखवला, “दादा, इथे तर पंचवीसच आहेत.”

चूक माझ्या ड्रायव्हरची होती. ड्रायव्हर हा यंत्र आणि संगणकामधला दुभाष्या. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, म्हणून वजन दोन बाइटमध्ये येई. काटा मोठ्या घराचा बाइट आधी पाठवी, माझा कार्यक्रम लहान घराचा आधी धरी. त्यामुळे २५ गुणिले २५६, म्हणजे ६४००. शून्य उलटं केलं तरी शून्यच, म्हणून रिकाम्या पारड्याने मला फसवलं.

हा घोळ जुना आहे. आयबीएमच्या १९६४च्या सिस्टिम/३६०ने मोठं घर आधी ठेवलं, आपण लिहितो तसं. डेटापॉइंट २२०० या यंत्राचा प्रोसेसर मात्र एकेक बिट घेऊन बेरीज करी, आणि बेरीज एककापासूनच सुरू होते, कारण हातचा पुढे न्यायचा असतो. त्याने लहान घर आधी घेतलं. त्याच्यासाठी आखलेल्या इंटेल ८००८मध्ये तोच क्रम आला आणि पुढे आपल्या पीसींपर्यंत पोहोचला. इंटरनेटने मात्र मोठं घर आधी हा क्रम धरला. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी या भांडणाला ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या अंडं कुठल्या टोकाने फोडायचं या युद्धावरून ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ ही नावं दिली. कुठलाही एक क्रम सगळ्यांनी पाळावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. आपण ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी; लिहितो मात्र दोन आधी. ऐकून ५२ लिहिणारं पोर मठ्ठ नसतं, त्याचा ड्रायव्हर उलटा असतो. त्याच महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि वाद थेट विधिमंडळात गेला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची ही अडचणच सांगत होत्या. टिंगल करणाऱ्यांना ती ऐकूच आली नाही.

दोन्ही क्रम शहाणे आहेत. एक वाचणाऱ्याच्या सोयीचा, दुसरा बेरीज करणाऱ्याच्या. बिघडतं ते जिथे दोघे भेटतात तिथे क्रम लिहिलेला नसतो म्हणून. माझ्या काट्याच्या पुस्तिकेतही तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एक ओळ बदलली आणि पुस्तिकेच्या समासात पेनाने लिहिलं : मोठा बाइट आधी. मग मालकासमोर मावशींना सांगितलं, चूक माझी होती.