‘ओस्टारा’ : शब्दाचे वय आणि उत्सवाचे वय

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास सूर्य वसंतसंपाती येतो. त्या वेळी इंग्लंड, अमेरिका इत्यादी देशांतील आधुनिक पेगन पंथांचे अनुयायी ‘ओस्टारा’ नावाचा उत्सव साजरा करतात. वेदीवर फुले व रंगविलेली अंडी मांडणे, प्रार्थनापूर्वक बी पेरणे, दिवस आणि रात्र ह्यांच्या समतोलाचे चिंतन करणे, ही त्याची सामान्य अंगे होत. (येथे ‘पेगन’ हाच शब्द ठेवणे बरे, ‘मूर्तिपूजक’ ह्या प्रचलित प्रतिशब्दाने ह्या पंथांचे स्वरूप कळत नाही.) हा उत्सव ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला आहे, अशी समजूत त्याच्या अनुयायांपैकी पुष्कळांत आढळते, आणि नवल असे की त्याच्या कडव्या टीकाकारांतही ती आढळते. ह्या समजुतीला आधार कोणता, हे पाहू गेल्यास आपण इतिहासापेक्षा भाषाशास्त्राच्या प्रांतातच अधिक वावरू लागतो.

ह्या देवतेविषयीचा प्रत्यक्ष लिखित पुरावा दोन ओळींत मावण्याइतका आहे. नॉर्थम्ब्रियातील जॅरो येथील मठवासी बीड ह्याने इ. स. ७२५ मध्ये कालगणनेवर एक लॅटिन ग्रंथ रचला. त्याच्या पंधराव्या अध्यायात इंग्लिश लोकांच्या जुन्या महिन्यांची नावे देताना तो सांगतो की, एप्रिलशी जुळणाऱ्या महिन्याचे नाव एओस्त्रे नावाच्या त्यांच्या देवतेवरून पडले, त्या महिन्यात तिचे उत्सव होत असत, आणि आता ख्रिस्ती पास्कापर्वालाच लोक ते जुने नाव लावतात. एवढेच. देवतेचे रूप, तिचे वाहन, ससा, अंडे ह्यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. विषुवदिनाचाही नाही. बीडच्या म्हणण्याप्रमाणे हे महिने चांद्र होते; तेव्हा त्यांतील उत्सव विषुवदिनाशी जखडलेला असण्याचा संभव मुळातच कमी. शिवाय पास्कापर्वाची तिथी काढण्याची रीत शिकविणे हाच ह्या ग्रंथाचा मुख्य हेतू, आणि त्या गणितात वसंतसंपाताला अग्रस्थान. ज्या लेखकाच्या डोळ्यांपुढे विषुवदिन सतत उभा होता, त्याने ह्या देवतेची त्याच्याशी सांगड घातली नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. अनुल्लेखावरून काढलेले अनुमान दुबळे असते हे मान्य करूनही ती नजरेआड करता येत नाही.

आता ‘ओस्टारा’ हे रूप पाहू. ते बीडचे नव्हे. याकोब ग्रिमचे आहे. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन पुराणकथाविषयक ग्रंथात त्याने बीडच्या एओस्त्रेशेजारी दोन गोष्टी ठेवल्या : शार्लमेनने एप्रिलला दिलेले ‘ओस्टारमानोथ’ हे नाव, जे त्याचा चरित्रकार आइनहार्ड ह्याने नोंदविले आहे, आणि ईस्टरवाचक जुना उच्च जर्मन शब्द. ह्यांवरून जर्मन प्रदेशातही अशी देवता असली पाहिजे, असे त्याने अनुमान केले. आजच्या संकेतानुसार देवतानाम म्हणून हे रूप तारांकित करूनच छापावे लागेल. तारांकित रूपाची आराधना व्हावी, असा योग भाषाशास्त्राच्या इतिहासात क्वचितच आला असेल!

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ग्रिमची बाजू लंगडी नव्हती. ‘एओस्त्रे’ हा शब्द ज्या कुळातला मानला जातो, त्याच कुळात संस्कृत ‘उषस्’, ग्रीक ‘एओस्’, लॅटिन ‘औरोरा’ आणि लिथुएनियन ‘औश्रा’ हे शब्द येतात. इंग्रजी ‘ईस्ट’ हाही त्यांचाच आप्त. ऋग्वेदातील उषःसूक्ते परिचित असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हे नाते मोहात पाडते, आणि सावध राहावयाचे ते येथेच. धातू पाच हजार वर्षांचा असला म्हणून त्यापासून बनलेल्या नावाची देवता, आणि तिचा विधी, तितकाच जुना ठरत नाही. आपण ‘उषःकाल’ म्हणतो तेव्हा वैदिक हविर्भाग अर्पण करीत नसतो.

शिवाय हा शब्द पहाटेकडे नेतो की नुसत्या पूर्व दिशेकडे, ह्याविषयी एकमत नाही. १९५८ मध्ये जर्मनीत कोलोनच्या पश्चिमेस मॉर्केन-हार्फ येथे दीडशेहून अधिक रोमनकालीन शिलालेख सापडले. ते ‘औस्त्रियाहेने’ नावाच्या मातृदेवतांना उद्देशून आहेत. बीडने देवता कल्पनेने निर्माण केली, हा आक्षेप त्यामुळे बराच निष्प्रभ झाला. पण फिलिप शॉ ह्यांनी २०११ मध्ये ह्याच लेखांचा आणि इंग्लंडमधील स्थलनामे व व्यक्तिनामे ह्यांचा आधार घेऊन, एओस्त्रे ही एखाद्या ‘पूर्वेकडील’ जनसमूहाची स्थानिक देवता असावी, असे प्रतिपादिले. (बीडच्याच मठाशी संलग्न वेअरमथचा एक मठाधिपती एओस्तेरवीने नावाचा होता.) मला हे मत अधिक ग्राह्य वाटते. ते स्वीकारले तर वसंताची सर्वजर्मानिक देवी उरत नाही. एका मुलखाची कुलदेवता तेवढी उरते. योहान क्नोब्लोख (१९५९) आणि युर्गेन उडोल्फ (१९९९) ह्यांनी तर देवतेला वगळून ईस्टर शब्दाची उपपत्ती ख्रिस्ती विधीतूनच लावली. बहुतेक युरोपीय भाषांत ह्या सणाचे नाव हिब्रू ‘पेसाह’पासूनच आलेले आहे; गोव्यातील कोकणी ख्रिस्ती समाजाचे ‘पास्क’ त्याच परंपरेतले, पोर्तुगीजमार्गे आलेले.

ईस्टरचे नाते बाबिलोनच्या इश्तारशी जोडणाऱ्या अलेक्झांडर हिस्लॉपच्या एकोणिसाव्या शतकातील मताचा विचार एका वाक्यात आटोपता येईल : इश्तार हा सेमिटिक शब्द आहे आणि साम्य केवळ ध्वनीचे आहे.

सशाची कथा तर त्याहून अर्वाचीन. ईस्टरला ससा अंडी आणतो, ही जर्मन लोकसमजूत १६८२ मध्ये नोंदलेली आहे. परंतु ससा ओस्टारेचा असावा, हा तर्क आडोल्फ होल्त्समान ह्याने १८७४ मध्ये मांडला. पुढच्या काही वर्षांतच तर्काची कथा झाली, आणि देवीने पक्ष्याचा ससा केल्याचे लोक सांगू लागले.

आधुनिक उत्सवाची जन्मकथा त्या मानाने स्पष्ट आहे. जेरल्ड गार्डनरप्रणीत विक्का पंथात आरंभी चार मोठे उत्सव प्रमुख होते. १९५८ मध्ये हर्टफर्डशरमधील ब्रिकेट वुडच्या मंडळाने अयनदिन व विषुवदिन ह्यांनाही तोच मान द्यावा, असा आग्रह धरला. गार्डनरने तो मान्य केला, आणि आठ आऱ्यांचे ‘वर्षचक्र’ सिद्ध झाले. त्यातील वसंतविषुवाला ‘ओस्टारा’ हे नाव कॅलिफोर्नियातील एडन केली ह्याने १९७४ मध्ये पंचांग तयार करताना दिले. अक्षांश ५१च्या आसपास मार्चअखेर दिवस रोज सुमारे चार मिनिटांनी वाढतो. तेथील माणसाला हा पालट साजरा करावासा वाटला, ह्यात कृत्रिम असे काही नाही, आणि त्यासाठी आठव्या शतकाची साक्ष काढण्याचीही गरज नाही. अनेक सुशिक्षित पेगन हे आज मोकळेपणाने मान्य करतात.

ह्या नावाची सक्ती सर्वांवर नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेला आइसलंडमधील आसात्रू संघ वसंतारंभाचा सोहळा आइसलंडच्या जुन्या पंचांगातील ‘उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी’, म्हणजे एप्रिलमधील एका गुरुवारी करतो. ऑस्ट्रेलियातील पुष्कळ पेगनांनी नाव तेच ठेवले आहे, पण तेथे वसंत सप्टेंबरात येतो. तेव्हा ते ओस्टारा २२ सप्टेंबरच्या सुमारास पाळतात.