सॉलोमन वक्र
सॉलोमन वक्र हा वाहनाचा वेग व अपघातात सापडण्याची शक्यता यांचा संबंध दर्शविणारा, इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचा आलेख आहे. अमेरिकेतील डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ मध्ये ग्रामीण महामार्गांवरील अपघातांच्या अभ्यासातून तो मांडला. सरासरी वेगाच्या आसपास चालणारी वाहने अपघातात कमी सापडतात, तर फार संथ आणि फार वेगवान अशा दोन्ही वाहनांबाबत ही शक्यता वाढते, असे त्यात दिसते.

संथ वाहनांत वळण्यासाठी किंवा थांबण्यासाठी वेग कमी केलेली वाहनेही मोजली गेल्याने वक्राची डावी बाजू फुगली, अशी टीका पुढे झाली. त्यामुळे 'हळू जाणे धोक्याचे' हा निष्कर्ष केवळ या वक्रावरून निघत नाही.

वेगासोबत अपघाताची तीव्रता मात्र निश्चित वाढते. वेग ताशी ५० वरून १०० किलोमीटर झाल्यास वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. खरा प्रश्न वेगांमधील तफावतीचाही आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटाच्या चढणीत भरलेले ट्रक संथ होतात आणि मागून मोटारी वेगाने येतात. म्हणूनच अवजड वाहनांनी डाव्या मार्गिकेतून जाणे आवश्यक ठरते.